‘दरोडेखोर’ म्हणायचे कुणाला? : मेक्सिकन क्रांती आणि सरहद्दीवरील सशस्त्र संघर्ष

१

१२ जून १९०१ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या कार्न्स परगण्यात एका शब्दाच्या घोटाळ्याने माणसे मेली. ग्रेगोरिओ कोर्तेझ हा मेक्सिकन शेतकरी भावाबरोबर तेथे खंडाने जमीन कसत होता. घोडेचोराच्या शोधात निघालेला शेरीफ मॉरिस, म्हणजे परगण्याचा पोलीस अधिकारी, एका दुभाष्याला घेऊन त्याच्या दारात आला. दुभाष्याने विचारले, तू हल्ली कुणाशी घोड्याची अदलाबदल केलीस काय? कोर्तेझ म्हणाला, नाही. तो खरेच सांगत होता. त्याने घेतली होती ती घोडी. स्पॅनिश भाषेत घोड्याला एक शब्द आणि घोडीला अगदी वेगळा शब्द आहे. दुभाष्याला तो भेद ठाऊक नव्हता. शेरीफने कोर्तेझला खोटारडा ठरवले आणि अटक करायचे ठरवले. ‘मी काही केलेले नाही, विनाकारण मला अटक करता येणार नाही’ असे कोर्तेझ म्हणाला. दुभाष्याने शेरीफला सांगितले की कोणताही गोरा माणूस आपल्याला अटक करू शकत नाही, असे हा म्हणतो आहे. शेरीफने पिस्तूल काढले. भावाला गोळी लागली. मग कोर्तेझने झाडलेल्या गोळीने शेरीफ पडला.

पुढचे दहा दिवस कोर्तेझ कधी घोड्यावर, कधी पायी, सरहद्दीच्या दिशेने पळत होता. शेकडो हत्यारबंद माणसे त्याच्या मागावर होती. पळणारा एकटा होता, पण वर्तमानपत्रांनी त्याच्यामागे एक सबंध टोळी उभी केली. अखेर तो पकडला गेला. खटल्यांवर खटले झाले. शेरीफ मॉरिसच्या खुनाच्या आरोपातून तो सुटला, पण पाठलागात मारल्या गेलेल्या दुसऱ्या एका शेरीफबद्दल त्याला जन्मठेप झाली. १९१३ साली गव्हर्नरने त्याला माफी दिली. इंग्रजी वर्तमानपत्रांत तो खुनी दरोडेखोर होता. सरहद्दीवरच्या मेक्सिकन कष्टकऱ्यांनी मात्र त्याच्यावर ‘कोरिदो’ रचले. कोरिदो म्हणजे आपल्या पोवाड्याशी नाते सांगणारे तिकडचे कथागीत.

एकच माणूस, एकच घटना, आणि दोन नावे. मेक्सिकन क्रांतीच्या काळात, म्हणजे साधारण १९१० ते १९२०, ह्या सरहद्दीवर जो रक्तपात झाला त्याचा इतिहास वाचताना हा प्रश्न पावलोपावली समोर येतो. दरोडेखोर म्हणायचे कुणाला, आणि ते ठरवण्याचा अधिकार कुणाच्या हाती असतो? प्रस्तुत लेखात ह्याच प्रश्नाच्या अनुषंगाने तो इतिहास समजून घ्यावयाचा आहे.

२

आधी सरहद्द कशी आली ते पाहिले पाहिजे. टेक्सास हा मूळचा मेक्सिकोचा प्रांत. तेथे येऊन वसलेल्या गोऱ्यांनी १८३६ साली तो फोडून वेगळा केला आणि १८४५ साली अमेरिकेने तो आपल्या संघराज्यात घेतला. १८४६ ते १८४८ ह्या काळात युद्ध झाले. २ फेब्रुवारी १८४८ च्या ग्वादालुपे इदाल्गोच्या तहाने कॅलिफोर्नियापासून न्यू मेक्सिकोपर्यंतचा मुलूख अमेरिकेकडे गेला. टेक्सास धरून मेक्सिकोने निम्म्याहून अधिक भूमी गमावली. मोबदला मिळाला दीड कोटी डॉलरचा. रिओ ग्रांदे ही नदी, जिला मेक्सिकन लोक रिओ ब्राव्हो म्हणतात, टेक्सासची सरहद्द ठरली. जी नदी एका वस्तीच्या दोन काठांना जोडत होती, ती दोन देशांमधली भिंत झाली.

तहात लिहिले होते की मागे राहिलेल्या मेक्सिकनांच्या मालमत्तेचा मान राखला जाईल. परंतु कागदावरचे हक्क आणि कोर्टातले हक्क ह्यांत अंतर असते. जुन्या स्पॅनिश सनदांवरची मालकी सिद्ध करायची ती इंग्रजी भाषेत, अमेरिकन कोर्टात, अमेरिकन वकिलाला पैसे देऊन. अनेकांची जमीन वकिलांच्या फीत आणि कराच्या थकबाकीत गेली. उरलेली बंदुकीच्या धाकाने गेली. १८५९ च्या जुलैत ब्राउन्सव्हिल गावात एक गोरा मार्शल एका मेक्सिकन मजुराला रस्त्यात मारहाण करताना हुआन कोर्तिना ह्या जमीनदाराने पाहिले. तो मजूर पूर्वी कोर्तिनाच्या आईकडे कामाला होता. कोर्तिनाने मार्शलला गोळी घातली, सप्टेंबरात माणसे घेऊन ब्राउन्सव्हिल ताब्यात घेतले आणि आपल्या लोकांच्या लुबाडलेल्या जमिनींविषयी जाहीरनामे काढले. त्याला पकडायला रेंजर्स आले, लष्कर आले. अमेरिकेच्या कागदपत्रांत कोर्तिनाही दरोडेखोरच आहे.

ह्या रेंजर्सविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. टेक्सास रेंजर्स हे राज्याचे घोडेस्वार पोलीस. शाळेच्या पुस्तकांनी आणि सिनेमांनी त्यांना शूर वीर बनवले. नदीकाठच्या मेक्सिकनांच्या बोलीत त्यांचे नाव ‘रिंचे’ असे झाले आणि ते नाव भीतीने व तिरस्काराने उच्चारले जाई.

३

आता नदीच्या दक्षिणेला जाऊ. १८७६ पासून १९११ पर्यंत, मधली थोडी वर्षे सोडली तर, मेक्सिकोवर पोर्फिरिओ दियास ह्या हुकूमशहाची सत्ता होती. रेल्वे आली, खाणी आल्या, तेल आले. ही सगळी ‘प्रगती’ म्हणून मोजली गेली. पण खाणी आणि रेल्वे मोठ्या प्रमाणावर अमेरिकन व इंग्रज भांडवलदारांच्या होत्या, आणि गावांच्या सामाईक जमिनी बड्या जमीनदारांच्या इस्टेटींनी गिळल्या होत्या. ह्या इस्टेटींवरचा ‘पेओन’ म्हणजे आपल्याकडचा सालगडी आणि वेठबिगार ह्यांच्या मधला माणूस. मालकाच्याच दुकानातून उधार घ्यायचे, ते फिटेपर्यंत राबायचे, आणि ते कधी फिटायचे नाही. बाप मेला की कर्ज मुलाच्या डोक्यावर यायचे. सोनोरा प्रांतातल्या याकी आदिवासींनी जमीन सोडायला नकार दिला, तेव्हा दियासच्या सरकारने त्यांना हजारोंच्या संख्येने पकडून दूर युकातानच्या घायपाताच्या मळ्यांत राबायला पाठवले.

ह्या सोनोरातच, सरहद्दीपासून थोड्या अंतरावर, कनानेआची तांब्याची खाण होती. मालक अमेरिकन, विल्यम ग्रीन. मेक्सिकन खाणकामगाराला तेथे अमेरिकन कामगारापेक्षा कमी मजुरी मिळे, आणि तीही त्याच्याच देशात. १ जून १९०६ रोजी कामगारांनी संप केला. मागणी होती पाच पेसो रोज आणि आठ तासांचा दिवस. गोळीबार झाला. तेव्हा सरहद्दीपलीकडून अॅरिझोना रेंजर्सचा कॅप्टन थॉमस रायनिंग अडीचशेहून अधिक सशस्त्र अमेरिकन घेऊन मेक्सिकोत शिरला. सोनोराच्या गव्हर्नरने त्यांना मेक्सिकोचे ‘स्वयंसेवक’ म्हणून शपथ देऊन घेतली. वीसहून अधिक माणसे मेली, त्यांत बहुतेक मेक्सिकन कामगार होते. पुढारी तुरुंगात गेले.

हत्यारे घेऊन परकी सरहद्द ओलांडणे हा दरोडा असेल, तर कनानेआची ही कृती काय होती? तिला दरोडा म्हटले गेले नाही. तिचे नाव ‘मालमत्तेचे संरक्षण’ असे पडले.

४

कनानेआच्या कामगारांपर्यंत एक वर्तमानपत्र पोहोचत होते. त्याचे नाव ‘रेहेनेरासिऑन’, म्हणजे पुनरुज्जीवन. ओआहाका प्रांतात जन्मलेल्या रिकार्दो फ्लोरेस मागोनने आपल्या भावाबरोबर ते १९०० च्या ऑगस्टमध्ये मेक्सिको शहरात सुरू केले. दियासने त्याला वारंवार तुरुंगात टाकले आणि पत्रे छापण्यावर बंदी घातली. १९०४ च्या आरंभी मागोन सरहद्द ओलांडून टेक्सासमध्ये आला. आधी सॅन अँटोनिओ, मग सेंट लुईस, मग लॉस एंजेलिस. जेथे जाई तेथे दियासचे हेर आणि अमेरिकन पोलीस दोघेही मागे असत. तरी पत्र निघे, मजुरांच्या गाठोड्यांतून आणि टपालातून चोरून सरहद्दीपार जाई, आणि ज्यांना वाचता येत नसे त्यांना वाचून दाखवले जाई.

मागोनच्या मेक्सिकन लिबरल पक्षाने १ जुलै १९०६ रोजी आपला कार्यक्रम जाहीर केला. आठ तासांचा दिवस, किमान वेतन, बालमजुरीवर बंदी, मालकाच्या दुकानातल्या उधारीतून मुक्तता, न कसलेल्या जमिनीचे वाटप. नाव ‘लिबरल’ असले तरी मागोनचे विचार लवकरच अराज्यवादापर्यंत गेले. मालक, राज्यसत्ता आणि धर्मसंस्था ही तिन्ही जोखडे एकदम फेकली पाहिजेत, असे तो म्हणू लागला. ‘जमीन आणि स्वातंत्र्य’ ही त्याच्या पक्षाची घोषणा झाली. १९०६ आणि १९०८ साली त्याच्या अनुयायांनी सरहद्दीवरून उठाव केले, ते मोडले गेले. १९११ च्या जानेवारीत त्यांनी मेक्सिकाली आणि मे महिन्यात तिहुआना घेतले. त्या फौजेत अमेरिकन कामगार होते, तसे काही साहसी भाडोत्रीही शिरले. त्यामुळे मागोन हा देश विकणारा आहे असा गवगवा करणे विरोधकांना सोपे गेले. म्हणजे अमेरिकेत तो धोकादायक परका आणि मेक्सिकोत देशद्रोही. दोन्ही देशांनी नाकारलेला हा माणूस आयुष्याची अनेक वर्षे अमेरिकन तुरुंगात होता. १९१८ साली युद्धकाळातल्या कायद्याखाली, एका जाहीरनाम्याबद्दल, त्याला वीस वर्षांची शिक्षा झाली. २१ नोव्हेंबर १९२२ रोजी कॅन्सासमधील लेव्हनवर्थ तुरुंगात तो मेला. त्याने उभ्या आयुष्यात हातात धरलेले हत्यार मुख्यतः लेखणी हेच होते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

५

१९१० साली फ्रान्सिस्को मादेरो ह्या श्रीमंत, उदार जमीनदाराने दियासविरुद्ध निवडणूक लढवली. दियासने त्याला तुरुंगात टाकले. तो सुटून टेक्सासमध्ये आला आणि २० नोव्हेंबर १९१० रोजी देशाने उठाव करावा असे त्याने आवाहन केले. दक्षिणेत मोरेलोस प्रांतात एमिलियानो सापाताचे शेतकरी उठले. उत्तरेत चिवावा प्रांतात पास्क्वाल ओरोस्को आणि पान्चो व्हिया उठले. १९११ च्या मे महिन्यात त्यांनी नदीकाठचे सिउदाद हुआरेस जिंकले. नदीपलीकडे एल पासोत गोरे लोक ही लढाई गच्च्यांवर चढून पाहत होते, तमाशा पाहावा तशी. काही गोळ्या पलीकडे गेल्या आणि पाहणारेही मेले. त्याच महिन्यात दियास पळाला.

पण राजा गेला तरी वाडा उभाच राहिला. मादेरोने जमीन वाटली नाही. १९१३ च्या फेब्रुवारीत सेनापती हुएर्ताने त्याला पदच्युत केले आणि त्याचा खून झाला. मग व्हिया, सापाता आणि वेनुस्तियानो कारान्सा हे हुएर्ताविरुद्ध लढले. हुएर्ता पडल्यावर ते आपापसांत लढले. ह्या सगळ्या काळात बंदुका आणि काडतुसे येत होती ती मुख्यतः अमेरिकेतून. म्हणून सरहद्दीवरचे एखादे जकात नाके ज्याच्या हाती, त्याच्या हाती युद्ध. अमेरिकन सरकार कधी हत्यारांवर बंदी घाली, कधी ती उठवी, आणि मेक्सिकोत कोण जिंकेल हे बरेचसे त्यावर ठरे.

व्हिया हा मूळचा दुरांगो प्रांतातल्या इस्टेटीवर राबणाऱ्या कुटुंबातला. तरुणपणी तो खरोखरच गुरे पळवणारा बंडखोर होता. क्रांतीत त्याने ‘उत्तर विभाग’ ही मोठी फौज उभी केली. जोपर्यंत तो अमेरिकनांना उपयोगाचा वाटत होता तोपर्यंत अमेरिकन वर्तमानपत्रे त्याला सेनापती म्हणत, आणि १९१४ साली एका सिनेमा कंपनीने त्याच्या लढायांच्या चित्रीकरणाचा करारही त्याच्याशी केला होता. १९१५ च्या ऑक्टोबरात अमेरिकेने कारान्साला मान्यता दिली. नोव्हेंबरात आग्वा प्रिएता येथे व्हियाने हल्ला केला, तेव्हा कारान्साच्या फौजेची कुमक अमेरिकन भूमीवरून, अमेरिकन रेल्वेने आली होती. व्हियाची माणसे काटेरी तारांपुढे आणि मशीनगनांपुढे कापली गेली. पुन्हा तो ‘दरोडेखोर’ झाला.

९ मार्च १९१६ च्या पहाटे व्हियाच्या सुमारे पाचशे माणसांनी न्यू मेक्सिको राज्यातील कोलंबस गावावर धाड घातली. अठरा अमेरिकन मेले, त्यांत दुकानदार आणि साधे रहिवासीही होते. व्हियाची साठ-सत्तरांहून अधिक माणसे मेली. पकडलेल्यांपैकी काहींना फाशी झाली. आपल्याला जबरदस्तीने फौजेत ओढले होते, असे त्यांनी कोर्टात सांगितले होते. ह्या धाडीचे समर्थन करण्याचे कारण नाही. पण तिचा बदला म्हणून जनरल पर्शिंग सुमारे दहा हजार सैनिक, मोटारी आणि विमाने घेऊन मेक्सिकोत शेकडो मैल आत शिरला आणि जवळजवळ अकरा महिने राहिला. व्हिया सापडला नाही.

ह्या मोहिमेतला एक प्रसंग आपण विशेष ध्यानात ठेवावा. २१ जून १९१६ रोजी कारिसाल गावाजवळ अमेरिकेच्या दहाव्या घोडदळाची कारान्साच्या फौजेशी चकमक झाली. दहावे घोडदळ म्हणजे काळ्या शिपायांचे पथक. शिपाई काळे आणि हुकूम देणारे बहुतेक गोरे. गावातून जाऊ नका असे मेक्सिकन अधिकारी सांगत असताना गोऱ्या कॅप्टनने पुढे जाण्याचा हुकूम दिला. तो स्वतः मेला, मेक्सिकन सेनापतीही मेला, काळे शिपाई मेले, वीसहून अधिक पकडले गेले. ज्यांना टेक्सासमध्ये गोऱ्यांच्या शेजारी बसता येत नव्हते, त्यांनी गोऱ्यांच्या सरहद्दीसाठी मेक्सिकन कष्टकऱ्यांवर गोळ्या झाडायच्या होत्या. पुढच्याच वर्षी, १९१७ च्या ऑगस्टमध्ये, कोलंबसच्या छावणीतून ह्यूस्टनला पाठवलेल्या चोविसाव्या पायदळाच्या काळ्या शिपायांनी पोलिसांच्या छळाला कंटाळून बंड केले. त्यांपैकी एकोणीस जणांना फासावर चढवण्यात आले. त्या शिक्षा अन्याय्य होत्या हे मान्य करून लष्कराने त्या रद्द केल्या, त्या २०२३ साली.

६

पण सर्वांत जास्त रक्त सांडले ते ना कोलंबसला, ना कारिसालला. ते सांडले दक्षिण टेक्सासच्या झुडपांत, आणि त्याची मोजदाद झाली नाही.

१९०४ साली ब्राउन्सव्हिलपर्यंत रेल्वे आली. कालव्याचे पाणी आले, जमिनीचे भाव चढले, उत्तरेकडून गोरे शेतकरी आले. पिढ्यान् पिढ्या गुरे राखणारे मेक्सिकन आपल्याच जमिनीवर मजूर झाले. मतदानासाठी डोईपट्टी आली, गरिबाचे मत गेले. शाळा वेगळ्या झाल्या. अशा वेळी, १९१५ च्या जानेवारीत, एका अटक केलेल्या माणसाजवळ ‘सान दिएगोची योजना’ नावाचा कागद सापडला. टेक्सास, न्यू मेक्सिको, अॅरिझोना, कोलोरॅडो, कॅलिफोर्निया ही राज्ये अमेरिकेपासून तोडायची, काळ्यांना त्यांचे स्वतंत्र राज्य उभारायला साहाय्य करायचे, अपाची आदिवासींच्या जमिनी परत द्यायच्या, मेक्सिकन, काळे आणि जपानी ह्यांची मिळून मुक्तिसेना करायची. त्याच कागदात सोळा वर्षांवरील प्रत्येक गोऱ्या पुरुषाला मारायचे, असेही लिहिले होते. हा कागद नेमका कुणी रचला आणि त्यामागे कारान्साचा हात किती होता, ह्यावर इतिहासकारांत आजही वाद आहे. पण जुलैपासून आनिसेतो पिसान्या आणि लुईस दे ला रोसा ह्यांच्या टोळ्यांनी रँचवर हल्ले केले, पूल जाळले, ऑक्टोबरात ब्राउन्सव्हिलजवळ आगगाडी रुळांवरून पाडली. काही गोरे मेले.

त्यानंतर रेंजर्स, शेरीफ आणि गोऱ्या रँचमालकांची हत्यारबंद पथके सुटली. ज्याच्यावर संशय त्याला गोळी. तुरुंगातून काढून गोळी, रस्त्यात गाठून गोळी. मारल्या गेलेल्यांतले कितीतरी जण ह्या उठावात नव्हतेच. नोरियास येथील चकमकीनंतर मेलेल्या मेक्सिकनांच्या देहांना दोर बांधून घोड्यांवर बसलेल्या रेंजर्सचे छायाचित्र निघाले आणि ते टपालकार्डावर छापून विकले गेले. मृतांच्या संख्येचे अंदाज काही शेकड्यांपासून काही हजारांपर्यंत आहेत. अंदाजातली ही तफावतच सांगते की ह्या माणसांचे मरण नोंदवण्याजोगे कुणाला वाटले नव्हते. नाव ‘दरोडेखोर’ असले की पंचनामा लागत नाही. कुटुंबेच्या कुटुंबे नदीपार पळाली, आणि त्यांच्या जमिनी मागे राहिल्या.

पश्चिम टेक्सासात रिओ ग्रांदेच्या काठी पोर्वेनिर नावाची वस्ती होती. पोर्वेनिर म्हणजे भविष्यकाळ. २८ जानेवारी १९१८ च्या रात्री रेंजर्सची एक तुकडी, काही रँचमालक आणि लष्कराचे घोडेस्वार तेथे आले. आदल्या महिन्यात एका रँचवर पडलेल्या धाडीचा त्यांनी ह्या वस्तीवर संशय घेतला होता. पंधरा पुरुष आणि मुलगे बाजूला काढून गोळ्या घालण्यात आल्या. उरलेले सुमारे एकशे चाळीस जण मेक्सिकोत पळून गेले. वस्ती पुसली गेली. सुरुवातीला, ते दरोडेखोर होते आणि चकमकीत मेले, असेच सांगण्यात आले. नंतर काही रेंजर्सना काढले, तुकडी मोडली. खटला एकावरही झाला नाही.

७

हे सारे कागदावर आणले ते होसे तोमास कनालेस ह्या वकिलाने. टेक्सासच्या विधिमंडळातला त्या वेळचा तो एकमेव मेक्सिकन वंशाचा सभासद, आणि वर सांगितलेल्या कोर्तिनाच्या घराण्यातला. १९१९ च्या जानेवारीत त्याने रेंजर्सवर आरोप ठेवले आणि चौकशी मागितली. एका रेंजरने त्याला उघड धमकी दिली. सभागृहात त्याच्या निष्ठेवर, त्याच्या वंशावर प्रश्न विचारले गेले. पण साक्षी झाल्या. विधवा बोलल्या, शेजारी बोलले, काही गोरे नागरिकही बोलले. सोळाशे पानांच्या आसपास साक्षीपुरावा गोळा झाला. रेंजर्सची संख्या कमी करण्यात आली, शिस्त घालण्यात आली. पण ती सोळाशे पाने छापली गेली नाहीत. ती सुमारे अर्धे शतक सरकारी दप्तरात पडून होती. कनालेसने विधिमंडळाचे राजकारण सोडले.

दप्तर गप्प होते तेव्हा लोकांनी कोरिदो जपले. सरहद्दीवरच जन्मलेल्या आमेरिको पारेदेस ह्या अभ्यासकाने १९५८ साली ‘विथ हिज पिस्टल इन हिज हँड’ हे पुस्तक लिहून कोर्तेझच्या कोरिदोचा आणि खऱ्या घटनेचा ताळा घातला. घोडा आणि घोडी ह्यांचा घोटाळा जगापुढे आला तो ह्या पुस्तकामुळे. १९६० नंतर ‘चिकानो’ म्हणवून घेणाऱ्या विद्यार्थ्यांनी आणि शेतमजुरांनी मागोनचे लिखाण पुन्हा बाहेर काढले. २०१८ साली पोर्वेनिरच्या हत्याकांडाची नोंद करणारा सरकारी स्मृतिफलक टेक्सासमध्ये उभा राहिला. शंभर वर्षे लागली.

८

५ फेब्रुवारी १९१७ ह्या एका दिवशी तीन घटना घडल्या. पर्शिंगची शेवटची फौज मेक्सिकोतून बाहेर पडली. मेक्सिकोची नवी राज्यघटना जाहीर झाली. जमीन राष्ट्राची, आणि कामगाराला आठ तासांचा दिवस ही कलमे तिच्यात आली. मागोनच्या १९०६ च्या कार्यक्रमातल्या मागण्या, मागोन अमेरिकेत असताना, त्याच्या विरोधकांनी अशा रीतीने घटनेत घातल्या. तिसरी घटना वॉशिंग्टनची. अमेरिकेच्या काँग्रेसने राष्ट्राध्यक्षाचा नकाराधिकार डावलून स्थलांतराचा नवा कायदा मंजूर केला. येणाऱ्याला अक्षरओळख हवी, आठ डॉलरची पट्टी हवी. ह्याच कायद्याने आशियाचा मोठा भाग वर्ज्य ठरवला आणि हिंदुस्थानातल्या मजुरालाही अमेरिकेचे दार बंद केले.

पुलावरची तपासणी कशी होती? त्याआधी आठच दिवस, २८ जानेवारी १९१७ रोजी, हुआरेसहून एल पासोत घरकामाला जाणाऱ्या कार्मेलिता तोरेस ह्या सतरा वर्षांच्या मुलीने पुलावर अडून बसून नकार दिला. मेक्सिकन अस्वच्छ असतात, रोग आणतात, म्हणून रोज पूल ओलांडणाऱ्या मजुरांना कपडे उतरवून रसायनाने आंघोळ घालण्यात येत असे. आदल्या वर्षी एल पासोच्या तुरुंगात अशाच ‘शुद्धीकरणात’ आग लागून कैदी जळून मेले होते. कार्मेलिताबरोबर शेकडो, मग हजारो बायका उभ्या राहिल्या. त्यांनी ट्राम अडवल्या. उठाव दडपला गेला आणि ती आंघोळ पुढे कितीतरी वर्षे चालू राहिली. ज्या हातचे जेवण खायचे त्या हाताच्या स्पर्शाची घृणा करायची, ही रीत आपल्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. गंमत अशी की त्याच वर्षीच्या मे महिन्यात शेतमालकांनी मजूर मिळत नाहीत अशी ओरड केली, आणि मेक्सिकन शेतमजुरापुरत्या अक्षरओळखीच्या व पट्टीच्या अटी सैल झाल्या. मजूर हवा होता, माणूस नको होता.

आपल्या महाराष्ट्राचा एक माणूस ह्या इतिहासात पुढे येतो. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे हे गदर चळवळीतले क्रांतिकारक. इंग्रजांच्या राज्यात परतता येत नव्हते, तेव्हा १९२० च्या दशकात ते मेक्सिकोत गेले. चापिंगोच्या शेतकी शाळेत त्यांनी शिकवले, मक्याच्या आणि गव्हाच्या वाणांवर संशोधन केले आणि शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या. चित्रकार दिएगो रिवेराने त्यांना आपल्या भित्तिचित्रात स्थान दिले. बंदूक घेऊन निघालेल्या ह्या माणसाला तेथे कळले की जमीन मिळाल्यावर बियाणेही लागते, आणि ते पोहोचवणे हेही क्रांतीचेच काम आहे.

९

आता आपल्याच बाजूला एक प्रश्न विचारला पाहिजे. ज्यांना दरोडेखोर म्हटले ते सगळे निष्पाप होते काय? नव्हते. १५ मे १९११ रोजी तोरेऑन शहरात मादेरोच्या बाजूच्या सैनिकांनी आणि जमावाने तीनशेहून अधिक चिनी माणसांची कत्तल केली. ते चिनी माळी, धोबी, दुकानदार होते. व्हियाच्या माणसांनीही उत्तरेतल्या गावांतून चिन्यांना मारले. १९१६ च्या डिसेंबरात कामार्गो येथे व्हियाने शत्रूच्या फौजेबरोबरच्या अनेक बायकांना गोळ्या घालवल्या. त्या बायका सैन्याबरोबर चालून स्वयंपाक करणाऱ्या, जखमींची शुश्रूषा करणाऱ्या, स्वतःही गरीब घरच्या. ज्याला गोरा ‘घाणेरडा’ म्हणत होता, त्याला आपल्याखाली आणखी एक ‘घाणेरडा’ सापडला होता. शोषिताच्या हाती बंदूक आली म्हणजे उतरंड आपोआप मोडत नाही. ती मनातूनही मोडावी लागते. हे झाकून ठेवणारा इतिहास म्हणजे दुसऱ्या बाजूने लिहिलेले टपालकार्डच.

तरीसुद्धा दोन्ही बाजूंचे अपराध एका तागडीत घालून ‘सगळे सारखेच’ म्हणणे हेही खोटे आहे. व्हियाच्या गुन्ह्यांची नोंद झाली, त्याच्यावर दहा हजारांची फौज गेली, त्याच्या माणसांना फाशी झाली. पोर्वेनिरच्या मारेकऱ्यांना पेन्सिलीचाही ओरखडा उठला नाही. एका हिंसेमागे पोटाची आग आणि गेलेली जमीन होती, दुसरीमागे कायदा, कोर्ट, रेल्वे आणि वर्तमानपत्र होते.

म्हणून कार्यकर्त्याने आणि शिक्षकाने हा इतिहास वाचताना, किंवा उद्याचे वर्तमानपत्र वाचतानाही, ‘दरोडेखोर’ हा शब्द दिसला की थांबावे आणि चार गोष्टी विचाराव्यात. जमीन आधी कुणाची होती? पहिली गोळी कुणी झाडली? पंचनामा कुणी लिहिला, आणि कोणत्या भाषेत? आणि मेलेल्याच्या घरच्या बाईची साक्ष कुठे आहे? कनालेसच्या सोळाशे पानांत ती साक्ष होती. कुणीतरी ती मागितली, म्हणून ती लिहिली गेली.